थोडं काम राहिलंय

"आधी माप, मग मत," असं म्हणून काका खिशातून टेप काढायचे. शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात, चष्मा ठेवतात. ह्यांच्या खिशात मोजायचा पोलादी टेप, आणि त्याच्या वजनानं तो खिसा कायम लोंबलेला. माझ्या दुकानात पहिल्यांदा आले तेव्हा मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तर हे माझ्या दाराची चौकट मोजत उभे. "मिस्त्री, डाव्या अंगाला तीन सूत उतरलीय." आता तुम्हीच सांगा, सुताराच्या दारात येऊन त्याचीच चौकट वाकडी म्हणणाऱ्या माणसाबद्दल काय वाटावं? त्यातून चौकट खरंच उतरलेली होती. मग तर जास्तच राग आला.

घोडेगावात माझं सुतारकाम आहे. पूर्वी चौकटी, पलंग, देव्हारे असली कामं असायची. अलीकडे जनावरांच्या बाजारामागं रो-हाऊसची रांग उभी राहिली आणि पुण्याकडची निवृत्त मंडळी तिथं राहायला येऊ लागली. मोठ्या घरातलं सामान टेम्पोतून उतरतं आणि लहान घराच्या दारातच अडकतं. मग मला बोलावणं येतं. कुणाचा सोफा निम्मा करायचा, कुणाचं कपाट वरून कापायचं. कापताना बायका आत निघून जातात आणि पुरुष उगीच सूचना देत उभे राहतात, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता त्यांच्या तोंडाकडे बघत नाही.

काकांनी पुण्यातल्या एका कारखान्यात जन्मभर नकाशे काढले. तिसऱ्या मजल्यावरचं ऐसपैस घर होतं. लिफ्ट सारखी बंद पडायची, आणि काकूंचं डोकं विसरायला लागलं होतं. लेक इथं जवळच सोनईला, कॉलेजात शिकवते. तीच म्हणाली, "बाबा, जवळ या. घर लहान असलं की आईला सोपं जाईल." म्हणून ही दोघं इथं आली.

कामाच्या पहिल्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांनी माझ्यासमोर एक नकाशा उलगडला. मला वाटलं, नव्या घराचा असेल. तो होता पुण्यातल्या झोपायच्या खोलीचा. पलंग कुठं, उजव्या हाताला पाण्याचं भांडं ठेवायची तिपाई किती इंचांवर, आरशाचं कपाट किती फुटांवर, पायाकडून न्हाणीघराचं दार किती पावलांवर. काकूंची पावलं. तीसुद्धा मोजून लिहिलेली.

"हे असंच्या असं इथं बसवायचं," ते म्हणाले.

मी हसलो. "काका, खोली दहा बाय दहाची हाय. ह्यो पलंग आन् कपाट ठिवल्यावर काकूंनी चालायचं कुठून?"

"हॉलची मधली भिंत पाडू."

"मग तुमी बसनार कुठं?"

"मला एक खुर्ची पुरते हो."

तेवढ्यात काकू बाहेर आल्या. नीटनेटकं पातळ, घट्ट अंबाडा, हातात पर्स. घरातल्या घरात पर्स घेऊन वावरायच्या त्या. माझ्याकडे बघून हसल्या आणि त्यांना म्हणाल्या, "अहो, झालं की नाही ह्यांचं? घरी कधी जायचं?"

"काम झालं की जाऊ," ते म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता टेप गुंडाळायला लागले. दिवसातून वीस-वीस वेळा हा प्रश्न यायचा आणि वीस वेळा हेच उत्तर. आवाज एकदाही चढलेला मी ऐकला नाही. माझ्या घरात तिसऱ्या वेळेला भांडं आपटलं असतं.

गवंड्यानं भिंत पाडली. मी कपाटाची मागची बाजू कापून ते उथळ केलं, म्हणजे आरसा जिथल्या तिथं यावा. दिव्याची बटणंसुद्धा पुण्याच्या उंचीवर बसवून घेतली. सूतभर फरक पडला तर खोलून पुन्हा. "मिस्त्री, तिचा हात डोळ्यांपेक्षा जास्त लक्षात ठेवतो," ते म्हणायचे. मला ते पटलं होतं. माझाही हात न बघता पटाशी उचलतो. कामात जीव लागला माझा, खोटं कशाला बोलू. ह्या माणसाची बायको आपल्या रंध्यानं बरी होणार, असं काहीसं मला वाटायला लागलं होतं.

मला एक गोष्ट ठाऊक होती आणि मी ती बोललो नव्हतो. काका घर बघायला आले तो बाजाराचा दिवस नव्हता. एवढी मापं घेणाऱ्या माणसानं वार तेवढा बघितला नाही. काम चालू असताना ती दोघं राहायला लेकीकडे होती, आणि बाजाराच्या वारी मी काम ठेवायचो नाही. आमची चारसहा वर्षांची पोरंही सांगतील की बाजारादिवशी त्या रांगेत काय कालवा असतो. पण मला वाटलं, गुरं हंबरतात, त्यात काय एवढं? आम्हाला तर बाजार नसला की चुकल्यासारखं होतं.

खोली पुरी झाली आणि एका दुपारी त्यांनी काकूंना आत आणलं. मी दारात उभा. काकूंनी पर्स पलंगावर ठेवली. हे मी पहिल्यांदा बघितलं. मग त्या आडव्या झाल्या, उजवा हात लांब केला आणि भांडं न बघता उचलून पाणी प्यायल्या. उठल्या, सरळ न्हाणीघराकडे गेल्या, बटण दाबलं, परत आल्या, आरशात बघून कुंकू नीट केलं. काका भिंतीला टेकून उभे होते. चष्मा काढून पुसत होते, आणि पुसून लावला तरी त्यांना नीट दिसेना. "मिस्त्री," एवढंच म्हणाले. मी खाली बसून हत्यारं पिशवीत भरायला लागलो.

तिसऱ्या दिवशी बाजार भरला. सकाळीच त्यांचा फोन आला, "या." मी गेलो तर काकू खिडकीचे गज धरून उभ्या. बाहेर टेम्पोतून म्हशी उतरत होत्या, दलाल ओरडत होते, धुरळा उडत होता. काकूंनी मागं वळून खोली बघितली, पुन्हा बाहेर बघितलं.

"अहो, आपलं घर कुणी उचलून आणलं हो इथं?"

काकांनी हात धरला तर झटकला. "मला सांगितलं नाही कुणी. आता घरी कसं जायचं? घरच नाही राहिलं तिथं!"

तोवर त्यांना वाटत होतं, आपण कुणाकडे तरी चार दिवस आलोय, परत जायचंय. पर्स हातात होती ती त्यासाठी. आम्ही दोघा शहाण्यांनी मिळून त्यांचं जायचं ठिकाणच काढून घेतलं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. लेक येऊन गेली, डॉक्टर येऊन गेले. काकू पलंगावर बसायला तयार नव्हत्या. घर चोरीला गेलेल्या माणसानं त्याच घरात कसं बसायचं?

चौथ्या दिवशी ते दुकानात आले. चौकट मोजली नाही. म्हणाले, "सगळं उलटं करा."

"म्हंजी?"

"पलंग तिकडे, कपाट इकडे. आरसा काढा. ही खोली तिला परकी वाटली पाहिजे."

"काका, तुमची एवढी मेहनत—"

"माझं माप चुकलं, मिस्त्री."

मी म्हणालो, "बाजाराचं मला ठावं हुतं. म्याच बोललो न्हाई." त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावले असते तर बरं झालं असतं. "तुम्हाला विचारलंच नव्हतं मी," एवढं बोलून ते निघाले.

जे दीड महिना बसवलं ते मी दोन दिवसांत उखडलं. काकू खुर्चीवर बसून बघत होत्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी पर्स मांडीवर घेतली आणि विचारलं, "काम चाललंय का अजून? मग घरी कधी जायचं?" काका घाईघाईनं म्हणाले, "काम झालं की, काम झालं की," आणि ताटात भात वाढून घेऊन आले. काकू जेवल्या.

तेव्हापासून त्या घरातलं काम संपू द्यायचं नाही, असं आमचं ठरलं. ठरलं म्हणजे कुणी बोललं नाही. मी दोन-तीन दिवसांनी जायचो, एखादी फळी काढायचो, घासायचो, पुन्हा तीच बसवायचो. खिळा ठोकायचा, उपटायचा. काका गंभीर चेहऱ्यानं माप घ्यायचे, "अर्धा इंच कमी आहे" म्हणायचे. काकू चहा घेऊन यायच्या, कधी साखरेचा, कधी मिठाचा. आम्ही दोघंही तो प्यायचो. गावात लोक हसायचे, "पुणेकराचं फर्निचर ह्या जन्मी न्हाई व्हायचं." मीही हसायचो. चेष्टा म्हणून काकांना सांगितलं, तर म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं."

एकदा मी न राहवून विचारलं, "काका, परत पुन्यालाच नेलं तर?"

"तिथं आता दुसरी माणसं राहतात. आणि ती पुण्यात होती ना, तेव्हाही शेवटी शेवटी विचारायची, घरी कधी जायचं."

हे त्यांनी लेकीलाही सांगितलं नव्हतं. मग त्यांनीच टेपचं टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "धरा."

एका सकाळी काका दूध आणायला निघाले आणि बाजाराच्या भिंतीशी दम लागला म्हणून बसले, ते उठले नाहीत. लोकांनी उचललं तेव्हा पिशवी हातात होती आणि टेप खिशात. काकूंना लेकीनं सोनईला नेलं. घराला कुलूप लागलं. आत माझी एक फळी अजून भिंतीला टेकून उभी असेल.

महिन्याभरानं लेकीचा फोन आला. न्हाणीघरात आईला धरायला दांडा बसवून हवा होता. मी सोनईला गेलो. अर्ध्या तासाचं काम, झालं. निघताना लेकीनं टेप आणून दिला. "बाबांचा आहे. तुमच्याकडेच असू दे." पहिल्या दोन फुटांवरचे आकडे पार पुसून गेले होते. मी तो शर्टाच्या खिशात टाकला. खिसा लोंबला.

काकू खिडकीशी बसल्या होत्या. खूप वाळल्या होत्या. लेकीचं नाव त्यांना आता येत नाही, काकांबद्दल तर त्या एकदाही विचारत नाहीत, असं लेक मला दारातच म्हणाली होती. मी "येतो काकू" म्हणायला पुढं झालो. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. खिशाकडे बघितलं.

"झालं का काम?"

झालं होतं. लेक माझ्याकडे बघत होती. मांडीवरची पर्स काकूंनी दोन्ही हातांनी धरली होती.

"न्हाई काकू," मी म्हणालो. "थोडं राह्यलंय."

"मग घरी कधी जायचं?"

"काम झालं की."

त्यांनी मान हलवली आणि पदर नीट करून बसल्या. मी टेप काढला आणि त्यांच्या मागची भिंत मोजली. तिथं काहीच करायचं नव्हतं. अकरा फूट भरली. त्या बघत होत्या, म्हणून मग दुसऱ्या टोकाकडून पुन्हा मोजली.