सगळ्यात उग्र चीज

नाशिकजवळच्या वायनरीत ग्लास गोल फिरवून आधी वास घ्यायला सांगत होते. "पिकलेल्या पेरूचा वास येतोय ना?" तिथल्या मुलीने विचारलं. सगळ्यांबरोबर माझ्या बायकोनेही मान डोलावली. आजारपणानंतर वर्षभर तिला ना वास येतो, ना चव कळते. तरी दोन दिवस इथे यायचा हट्ट तिचाच.

शेजारच्या चीजच्या दुकानात तिने सगळ्यात उग्र चीज मागितलं. कागद उलगडताच मी दोन पावलं मागे सरकलो. ती शांतपणे चघळत राहिली. घरात दूध नासायला लागलं की पहिल्यांदा हिलाच कळायचं!

"आता तू खा," उरलेला तुकडा माझ्या हातावर ठेवत ती म्हणाली, "आणि मला नीट सांग, कसं लागतंय."

मी तो तोंडात टाकला. तीस वर्षं हिच्या हातचं जेवताना पेपरातून मान वर न करता मी "छान झालंय" एवढंच म्हणत आलो. चवीसाठी दुसरा शब्द कधी शोधावाच लागला नाही. आता शोधत होतो.

"छान आहे," मी म्हणालो.

ती माझ्या तोंडाकडे बघत अजून वाट पाहत होती.