राक्षसाच्या गोष्टीतली मुलगी

नव्वदच्या दशकात माझी मुलगी पोटाच्या ऑपरेशनसाठी नाशिक रोडच्या एका दवाखान्यात होती. भीतीनं ती कुणाशी बोलत नव्हती. प्लास्टर घातलेला पाय सांभाळत, दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक पेशंट तिला कॉमिक वाचून दाखवायला यायचा. त्यातल्या राक्षसासमोर त्यानं बॉलपेननं तिलाच काढलं, दोन वेण्या आणि सलाईनसकट.

ती पहिल्यांदा हसली. "पुढं काय होतं, काका?"

"मला काय ठाऊक? ऑपरेशन झालं की तूच सांग, मग काढतो."

सकाळी ती न रडता स्ट्रेचरवर चढली. संध्याकाळी शुद्धीवर आल्यावर तिनं पाण्याआधी त्याला बोलावलं.

"राक्षस झोपला होता," ती पुटपुटली. "मीपण झोपले."

त्यानं दोघांना शेजारीशेजारी घोरताना काढलं.