आगरदांड्याची आयात

काशीदला नारळपाणी प्यायला थांबलो तेव्हाच मी ठरवलं होतं, या खेपेला कुणाशी वाद घालायचा नाही. सून म्हणते, बाबा, तुम्ही फिरायला नाही जात, भांडायला जाता. अलिबागहून सकाळी स्कूटर काढली होती. श्रीवर्धनला दोन दिवस राहायचं, समुद्रावर पाय मोकळे करायचे, थोडी रोठा सुपारी (तिकडची नावाजलेली) घ्यायची आणि गुमान परत यायचं, एवढाच बेत. नारळवाल्यानं कोवळा म्हणून जून नारळ फोडून दिला, तरी मी ब्र काढला नाही.

मुरूडला बांगड्याचं कालवण आणि तांदळाची भाकरी असं जेवण झालं. कालवण इतकं झणझणीत की मालकीणबाई न विचारताच दुसरा तांब्या ठेवून गेल्या. पोट भरलेलं, ऊन कललेलं, मी खुशीत आगरदांड्याच्या धक्क्यावर पोचलो. समोर खाडी, पलीकडे दिघी. फेरीबोट लागलेलीच होती. पण बोटीच्या वाटेवर ताडपत्रीखाली एक टेबल टाकून कुठल्याशा खात्याचे एक साहेब बसले होते. मागे फलक: ‘विदेशी बनावटीच्या वीजसाठवण साधनांच्या आयातीस राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणास्तव निर्बंध’.

“बॅटरी आहे का काही?” साहेबांनी विचारलं.

“स्कूटरची आहे. आणि मोबाइलची.”

त्यांनी स्कूटरच्या बॅटरीवरचा कागद वाचला, ठीक म्हणाले. मोबाइल नुसता हातात घेऊन परत दिला.

“हा नाही तपासला?”

“तो उघडत नाही. जे दिसत नाही ते तपासायचं नाही, असं आहे.”

मी मघाशी काय ठरवलं होतं ते तिथंच विसरलो. “अहो साहेब, मी अलिबागचा, चाललो श्रीवर्धनला. यात आयात कुठून आली?”

“जलमार्गे येणारा माल म्हणजे आयात, असं परिपत्रकात आहे. फेरी पाण्यातून जाते.”

“आणि म्हसळ्यावरून, रस्त्यानं गेलो तर?”

“मग तो तुमचा घरगुती प्रवास.”

मी स्कूटर बोटीकडे वळवली, तेवढ्यात डोक्यावर मासळीची पाटी घेतलेली एक कोळीण बाई आली. पाटी टेबलावर उतरवली तर आत मासळी नाही, बॅटरी. सुटकेसएवढी, आणि तिला वरून आणि चारी बाजूंनी लालभडक तेलरंग फासलेला, मधून हिरवा पट्टा.

“कुठली बनावट?” साहेबांनी विचारलं.

“आमच्या बोटीचा रंग हाय,” बाई म्हणाली. तिचं नाव हिराबाई. नारळी पुनवेआधी बोट रंगवली की उरलेला रंग वाया घालवायचा नाही, ही त्यांच्याकडची रीत. मग दार, पिंप, तुळस, जे समोर येईल ते रंगतं. गेल्या साली घरातली बॅटरीही रंगली आणि तिच्यावरचा कारखान्याचा कागद रंगाखाली गेला.

“खरवडून बघू,” मी म्हटलं.

“बोटीबरोबर पुजलेला रंग हाय. वरीस भरल्याबिगर खरवडत न्हाय.”

मला वाटलं, साहेब उडवून लावतील. पण ते रेवदंड्याकडचे, त्यांच्याही घरी बोट. त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला. “व्हय, ते खरं,” असं म्हणून त्यांनी वही उघडली. “बनावट अज्ञात. म्हणजे अडवून ठेवायची. जाणकार माणूस गुरुवारी येतो, तो सांगेल.”

त्या दिवशी सोमवार होता.

“गुरुवारपत्तुर माज्या नवऱ्यानी काय श्वास धरून बसायचं?” हिराबाईनं विचारलं. तिचा आवाज चढला नाही, त्यानंच मला कसंतरी झालं. नवऱ्याला दिवसरात्र ऑक्सिजनचं मशीन लागतं. दिघीतली वीज कालपासून गेलेली. बॅटरी बिघडली म्हणून दुरुस्तीला ती मुरूडला आली होती. घरी शेजाऱ्यांची मागून आणलेली बॅटरी जोडली होती, ती चारपर्यंत पुरणार. आत्ता वाजले होते अडीच. रस्त्यानं फिरून जायचं तर चार वाटेतच वाजले म्हणायचे.

साहेब अवघडले. “मावशी, परकी बॅटरी असली तर ती तिकडून, परदेशातून बंद करता येते म्हणतात. धोका आहे.”

“इथली वीज रोज इथनंच बंद करतात. त्यांना कशाला तरास?”

साहेबांनी परिपत्रक पुन्हा वाचलं आणि एकदम माझ्याकडे पाहिलं. “इथं ‘जाणकार व्यक्ती’ एवढंच लिहिलंय. तुम्ही काय करता?”

“हायस्कुलात भूगोल शिकवायचो.”

“म्हणजे देश माहीत आहेत.”

“देश माहीत आहेत हो. बॅटऱ्या नाही माहीत.”

“देशाचाच प्रश्न आहे,” म्हणत त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला.

बोटीनं भोंगा दिला. मी बॅटरी माझ्याकडे वळवून घेतली, हळूच तिरकी करून तळ पाहिला. तिथं रंग पोचला नव्हता. परकी अक्षरं होती, स्वच्छ, एकाखाली एक. मी बॅटरी सरळ ठेवली आणि लिहिलं, ‘ही बॅटरी भारतीय बनावटीची आहे असे माझे मत आहे.’

“मत नको,” साहेब म्हणाले. “खात्री लिहा.”

मी खात्री लिहिली आणि सही केली.

दिघीला उतरल्यावर बॅटरी स्कूटरवर, हिराबाई मागे, असे आम्ही घरी पोचलो तेव्हा चारला दहा कमी होते. खाटेवर नाकात नळी घातलेला, वाळून गेलेला नाखवा (बोटीचा मालक) होता. जोडणी झाली, मशीन घुरघुरू लागलं. मला इतकं बरं वाटलं की उभ्या उभ्या गहिवरून आलं. नाखव्यानं मान वळवून पाहिलं. “रंग न्हाय ना गेला?” एवढंच तो म्हणाला.

श्रीवर्धनला दोन दिवस छान गेले असं लिहायला हवं. सुपारीच्या बागा पाहिल्या, समुद्रावर बसलो. पण डोक्यात एकच. समजा तिकडून खरंच कुणी कळ दाबली तर? निर्बंध घालणारे सगळेच काही खुळे नसतात. मग माझ्या त्या खात्रीचं काय? मी दोनदा हिराबाईला फोन केला. दोन्ही वेळा ती म्हणाली, चालू हाय.

परतताना आगरदांड्याला साहेबांनी मला लांबूनच ओळखलं. “नाखवा कसाय?”

“बोलतोय. रंगाची चौकशी करत होता.”

साहेब हसले, मग आवाज खाली आणून म्हणाले, “सर, तळ मीही बघितला होता. तुम्ही तिरकी केलीत ना, तेव्हाच.”

“मग सही माझी कशाला?”

“माझी अजून अकरा वर्षं नोकरी आहे. तुम्हाला कोण काढणार?”

माझं डोकं फिरलं. चांगलं सुनवायला तोंड उघडलं, तर टेबलापलीकडे चार माणसं पाट्या घेऊन उभी दिसली. चारही पाट्यांत ताज्या रंगवलेल्या बॅटऱ्या. एकीचा रंग तर अजून ओला. साहेबांनी आपली खुर्ची माझ्याकडे सरकवली.

इतकी वर्षं मी मुलांना नकाशावर बोट ठेवून सांगत आलो, हा देश इथं संपतो, तो तिथं सुरू होतो. दोन दिवसांपूर्वी मी लिहिलं ते खोटं होतं, आणि ते लिहिल्याचं मला वाईट वाटत नव्हतं. वाईट न वाटण्याचीच जरा भीती वाटली.

“कुणासाठी?” मी पहिल्याला विचारलं.

“आईसाठी. तिलापन मशीन हाय.”

मी खुर्चीत बसलो आणि तळ न बघताच लिहायला घेतलं.