मामाचा उलटा सदरा

दवाखान्यात मामाला जो हिरवा गाऊन दिला, तो त्याने दोन बोटांच्या चिमटीत धरून नाकाजवळ नेला आणि असं तोंड केलं, की नर्सबाई दोन पावलं मागे सरकल्या. गाऊन धुतलेला होता. पण खांद्यावर कसल्यातरी औषधाचा पिवळा डाग होता आणि मामाच्या लेखी त्या डागामागे शंभर माणसं रांगेत उभी होती. "किती जण मेले असतील याच्यात," तो मला म्हणाला, "आन् हे मले घालून राहिले." वय चौऱ्याऐंशी, छातीला वायरी, आणि हट्ट लग्नातल्या जावयाचा. शेवटी मला हुकूम झाला. पिशवीत त्याचा स्वतःचा पांढरा सदरा होता. बटणं पाठीवर येतील असा मी तो उलटा केला, सलाईनसाठी डाव्या बाहीची शिवण उसवली आणि तिथे लांब लांब कच्चे टाके घातले, ओढले की सुटावेत असे. मी धागा तोडत होते तेव्हा तो छताकडे बघत म्हणाला, "बेबी, मी गेल्यावर माहे कपडे कोनाले देऊ नोको. माही उतरण कोनाच्या अंगावर दिसली नाही पाहिजे." मी हो म्हटलं. तो समाधानाने पडून राहिला... आणि चार दिवसांनी त्याच सदऱ्यात गेला.

मामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. राज्यांची फेरमांडणी झाली तेव्हा त्याचं विदर्भातलं गाव आधी मुंबई राज्यात, मग महाराष्ट्रात गेलं, आणि तो स्वतः काही वर्षांनी फॅक्टरीतल्या नोकरीपायी जबलपुरात आला. घमापुरात खोली घेतली, ती शेवटपर्यंत. वर्षभर हातात लोखंड, पण चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आदल्या दिवशी सुई. आमच्या वस्तीतून झांकी निघायची. ट्रकवर उभी केलेली मुलं, कुणी राजा, कुणी भिक्खू, कुणी शिपाई. ती सगळी मामा नटवायचा, एक पैसा न खर्चता. कपडे ज्याच्या त्याच्या घरचे. कात्रीला बंदी. दुसऱ्या दिवशी सकाळी धागा ओढला की कपडा होता तसा कपाटात. बापाचं जॅकेट उलटं केलं की आतलं चकचकीत अस्तर बाहेर येई, झाला राजाचा अंगरखा. आईच्या परकराची नाडी गळ्याशी आवळली की पाठीवर झूल रुळायची. शेजारचे एक काका बायकोचा परकर ट्रकवर मिरवताना बघून पानाच्या टपरीआड लपत असत. तो परकर त्यांचाच आहे हे मी मात्र मोठ्याने सांगत असे.

नऊ वर्षांची असताना मला राजा व्हायचं होतं, पण अस्तराचा नाही. मला मखमल हवी होती. रडून, जेवण सोडून मी आईला भाड्याच्या पोशाखांच्या दुकानात नेलं आणि जांभळा, जरीचा अंगरखा घालून, छाती काढून मामाच्या दारात उभी राहिले. मामाने टाळ्या वाजवल्या नाहीत. "कॉलरचा वास घेऊन पाह्य," म्हणाला. कॉलर माझ्याआधीच्या सगळ्या राजांच्या घामाने पापडासारखी कडक झाली होती. काखेत मिठाचे पांढरे नकाशे. पगडीत कुणाचा तरी तेलकट केस, आणि सगळ्यावर डांबरगोळ्यांचा उग्र दर्प, मेलेल्या उंदरावर अत्तर शिंपडावं तसा. मी जात्याच नाटकी. डोळे मिटून म्हटलं, गुलाबाचा वास येतो. दुसऱ्याच श्वासाला मला उमासा आला.

मामा हसला नाही. काठीच्या टोकाने त्याने तो अंगरखा बाहेर ठेवला आणि माझ्या वडिलांच्या जॅकेटला टाके घालता घालता, मान वर न करता, जे सांगितलं ते मी आजही विसरू शकत नाही. तो माझ्याएवढा असताना पोळ्याला त्याच्या आईने त्याला सदरा घातला होता. नवा आहे, असं सांगितलं होतं. जिथे ती राबायची त्या घरचा तो होता, धुऊन घडी केलेला. पोळ्याच्या मैदानात त्या घरचा मुलगा मामाच्या समोर आला, खिशावरच्या शाईच्या डागावर बोट ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हा माहा सदरा हाय."

मी विचारलं, "मंग?"

"मंग काय. काढला. उघडाच घरी आलो."

त्या वर्षी मी अस्तराचा राजा झाले. अंगभर खाज सुटली होती, पण मान ताठ होती.

मामा गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी खोलीवर गेले तर त्याचं कपाट रिकामं. त्याचा मुलगा प्रमोद तसा भला माणूस. म्हणाला, "ताई, रखके क्या करेंगे? भिंतीवर टांगून आलो, गरिबाच्या कामी येईल." आमच्या चौकात जुने कपडे दान करायची तशी एक भिंत आहे. खुंट्या ठोकल्यात, वर दात्यांचे हसरे फोटो. मामा ती बघून रस्ता ओलांडायचा. कंजूष नव्हता तो. हिवाळ्यात बनियनं वाटायचा, पण दुकानातली, घडी न मोडलेली. मी धावत गेले. हुक तुटलेल्या चोळ्या, चेन गेलेल्या पँटी, कुणाच्या तरी गुडघ्यांचे आकार घेतलेले पायजमे... ज्या कपड्याने मालकिणीला फरशी पुसायला लाज वाटावी, तो इथे पुण्य म्हणून लोंबत होता. त्यातून मी मामाचे सात कपडे खुंट्यांवरून काढले. तेवढ्यात भिंतीची देखरेख करणारे एक सज्जन प्रेमाने म्हणाले, "दीदी, एक शॉल भी ले लीजिए। शरमाइए मत।" आणि फोटोसाठी मोबाइल वर केला.

कपडे आमचे होते, घरचे होते, तरी माझी कानशिलं तापली. पन्नाशीनंतर मला पोळ्याचं ते मैदान कळलं. कपडे छातीशी धरून मी चालू लागले. फोटोत माझी पाठ आली असेल, तर ती ताठ आली असावी.

यंदा जयंतीच्या झांकीत प्रमोदच्या मुलीला, परीला, डॉक्टर व्हायचं होतं. दवाखान्यातून आणून, धुऊन माझ्याकडेच ठेवलेला मामाचा तो सदरा मी काढला. बाहीतले माझे टाके तसेच होते. आधी ते ओढून काढले, शिवण पक्की केली, मग सदरा पुन्हा उलटा करून तिच्या अंगात घातला आणि लोंबणाऱ्या बाह्या दुमडून नवे कच्चे टाके घालू लागले. तिने कॉलर नाकाशी नेली. तिच्या आजोबाने तिलाही शिकवलं असणार. नाक मुरडून तिने विचारलं, "बुआ, ये किसका है?"

"आपला," मी म्हटलं. "हात सरळ ठेव."