दुपट्यांवाली आत्या

श्रीवर्धनात गुपित ठेवायला माझ्या आत्याइतकी नालायक बाई दुसरी नव्हती, आणि तरीही ध्यानीमनी नसताना दिवस गेलेल्या बायका आपलं गुपित घेऊन तिच्याकडेच येत. कुजबुजायचं म्हणजे शेजारच्या दोन वाड्यांपर्यंतच ऐकू जाईल असं बोलायचं, अशी तिची समजूत. आपल्यासारख्याच तीन-चार बायका जमवून तिनं हे काम काढलं होतं. अशा बाईला धीर द्यायचा, दवाखान्यात न्यायचं, बाळंतपणाचं बघायचं आणि गरज पडली तर तिच्या घरच्यांशी भांडायचं. भांडायला आत्या गरज नसली तरी जाई. गावातल्या प्रत्येक कपाटातल्या मऊ सुती कापडावर तिचा डोळा असे. माझ्या लग्नातलं धोतर तिनं माझ्यादेखत टर्रकन फाडलं आणि त्याची दुपटी केली. मी ओरडलो, तर म्हणाली, "तुला ते नेसता कुठे येत होतं? मांडवात दोनदा सुटलं. बाळ तरी नीट गुंडाळलं जाईल."

पोटातलं मूल जगात यावं, याबद्दल तिच्या मनात तिळभर शंका नव्हती. पण एकदा कॉलेजातली एक मुलगी तिचं सगळं ऐकून घेऊनही गर्भ पाडून आली. त्या दिवशी आत्या सुपाऱ्या सोलत बसून राहिली. दुसऱ्या दिवशी मात्र मऊभाताचा डबा घेऊन त्या मुलीच्या खोलीवर निघाली.

"तुला पटलं नव्हतं ना?" मी विचारलं.

"नाहीच पटलं. म्हणून काय पोरीनं उपाशी राहायचं?"

मग तळा गावाहून एक बाई आली. चाळिशीची, नवरा ट्रकवर, थोरल्या लेकीचं लग्न ठरलेलं. ओटीवर बसून पदराचं टोक पिळत म्हणाली, "लोक हसतील, आत्या. लेकीच्या मांडवात आयचं पोट! तिच्या सासरची मानसं काय म्हनतील?"

"हसण्यानं कुणाचं पोट वाढत नाही. तुझं तर वाढलंच आहे. मूल हवंय का, ते सांग."

बाईनं पिळलेला पदर पोटावर ओढून घेतला. "हवं हाय. पन लाज वाटते."

"लाजेचं मी बघते," म्हणून आत्यानं मला गाडी काढायला लावली आणि तिच्या लेकीच्या होणाऱ्या सासरी जाऊन, अंगणातच, आपल्या त्या प्रसिद्ध कुजबुजीत सगळं सांगून टाकलं. आळी गोळा झाली. आता लग्न मोडतंय, या भीतीनं मी गाडीची चावी घट्ट धरून उभा. विहीण पदर तोंडाला लावून हसायला लागली. "माझा धाकला माझ्या नातवापरीस म्हैन्यानं ल्हान हाय. मी कुनाला हसू?"

लग्न थाटात झालं. मुलीची आई सातव्या महिन्याचं पोट घेऊन मांडवात ताठ बसली. पुढं तिला मुलगी झाली.

ती आता आठ वर्षांची आहे. आत्याला अलीकडे माणसं ओळखू येत नाहीत, आवाजही खोल गेलाय. गेल्या महिन्यात त्या मायलेकी भेटायला आल्या. आमच्याकडे पोटभर जेवून उठल्या आणि आत्याजवळ गेल्या. आत्यानं मुलीला जवळ घेतलं, तोंडावरून हात फिरवला.

"कुणाची गं तू?"

"तळ्याची."

"अगंबाई, लांबून आलीस. जेवलीस का?"

मुलीनं आईकडे पाहिलं. आईनं मान फिरवून डोळे पुसले.

"न्हाय," मुलगी म्हणाली, आणि आत्याच्या शेजारी पुन्हा पानावर बसली.