पायडलची नाव

सन दोन हजार तेवीस. मला त्या साली बहात्तरावं चालू होतं आणि माझा उजवा खांदा कामातून गेलता. हात छातीपर्यंत यायचा, त्याच्या वर जायचा नाही. डॉक्टरानं फोटो बघून सांगितलं, आतला धागा तुटलाय, ह्या वयात शिवण्यात अर्थ नाही. मी म्हटलं, माझं जाळं रोज तुटतं आणि मी रोज शिवतो. तो हसला. त्याला हसायला काय जातंय.

पंचगंगेच्या काठाला आमचं गाव. बंधाऱ्याच्या दारांत बरगे, म्हणजे फळ्या, घातल्या की मागं पाणी तुंबतं, त्या पाण्यात मी पन्नास वर्षं जाळं लावत आलोय. चौथीत शाळा सोडली ती मासे धरायलाच. नाव म्हणून कधी विकत घेतली नाही. गुऱ्हाळात रस आटवायची जुनी काईल, तीच माझी नाव. परातीसारखी गोल, तिला तोंड नाही की शेपूट नाही. वल्हं एकदा उजवीकडं, एकदा डावीकडं मारत राहिलं तर ती सरळ जाते. एकाच अंगानं मारलं तर जाग्यावर फिरत बसते, जात्यासारखी.

शिमग्यानंतर ती फिरली. भर पाण्यात, सकाळी नऊ वाजता, घाटावर धुण्याच्या बायका आणि म्हशी धुणारे सगळे हजर असताना. मी डाव्या हातानं वल्हं मारतोय आणि काईल गिरक्या घेतेय. शेवटी ट्रकच्या ट्यूबवर बसून एकजण आला आणि त्यानं मला ओढत काठाला नेलं. त्याला धड पोहता येत नाही, पण आजही भेटला की हालहवाल विचारतो, जणू मला त्यानंच जन्म दिलाय.

संध्याकाळी पोरगा म्हणाला, "आबा, आता एक तर दुसरी नाव घ्यायची, न्हाईतर काठावर बसायचं. काईल मी गुऱ्हाळावर परत देऊन टाकतोय."

आणि दिली. काठावर बसणं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. आमच्या पारावर चौघं तसे बसलेत. पेपरातली निधनवार्ता मोठ्यानं वाचतात आणि मेलेला आपल्यापेक्षा लहान होता का मोठा ते काढतात. पावसाळा सोडून चार महिने माझं जाळं भावकीतला एकजण काढत होता. किती मासे निघाले ते तो सांगायचा आणि मी ऐकून घ्यायचो. पन्नास वर्षांत एवढे कमी मासे माझ्या जाळ्यात कधी आले नव्हते.

पोरगा औद्योगिक वसाहतीत फिटर आहे. त्यानं मोबाईलवर पायानं चालणारी नाव शोधून काढली, आणि दिवाळी झाल्यावर त्या दुकानाचा एक पावणा टेम्पोत दोन नावा घालून पुण्याहून आला. एक नारिंगी, एक हिरवी. दोन्ही प्लास्टिकच्या, मधी खुर्ची. त्याच्या डोक्यावर टोपी, डोळ्याला काळा चष्मा, अंगात नुसत्या खिशांचं जाकीट. एवढ्या खिशांत चिमूटभर तंबाखू निघाली नाही.

"आजोबा, ह्या खास फिशिंगसाठी बनवल्यात," तो म्हणाला. "इथे रॉड ठेवायचा, इथे मोबाईल, इथे चहाचा कप."

"आणि मासं कुठं ठेवायचं?"

"आमचे बरेचसे लोक पकडून सोडून देतात."

मी पोराकडं बघितलं. पोरगा पाण्याकडं बघायला लागला.

"धरायचा आणि सोडायचा?"

"हो. फोटो काढून. खेळ असतो तो, आजोबा."

"पावणं, तालमीत बी खेळच असतोय. पर गडी चीत केल्यावर त्येच्या ओठाला भोक पाडून आमी सोडत नव्हतो."

नारिंगीला सायकलसारखी पायडलं होती आणि पोटाखाली पंखा. पायडल उलटं फिरवलं की नाव मागं यायची. हिरवीला दोन दांड्या, एकदा हा पाय पुढं, एकदा तो. खाली बदकाच्या पायासारख्या दोन पट्ट्या हलायच्या. मागं येणं तिला माहीत नव्हतं. पोराला नारिंगी आवडली, कारण ती चकचकीत होती आणि त्यात यंत्र जास्त होतं. पावण्यालाही तीच खपवायची होती. त्यानं घाटासमोर तिच्यातून दोन फेऱ्या मारून दाखवल्या, पुढं, मागं, गोल.

"कसं वाटतंय, काका?"

आजोबाचा मी काका झालो होतो.

"स्वच्छ पाण्यात म्हस बी पोहती. तिकडं केंदाळात घाला की."

बंधाऱ्याच्या अंगाला जलपर्णीचं केंदाळ माजलं होतं, हिरव्या रानासारखं, खाली हातभर मुळ्या.

"तिकडे कशाला?"

"माझं मासं तिकडंच ऱ्हात्यात. त्येंनी अजून घाटावर जागा घेतली न्हाई."

पावणा गेला. दहा हात आत गेला आणि पंख्याला मुळ्या गुंडाळून पायडलं जाम झाली. मग त्यानं पंखा वर ओढून घेतला आणि मेथी निवडायला बसावं तसा एकेक मुळी काढत बसला. काळा चष्मा पाण्यात पडला तेव्हा पोरगाही हसला.

मग मी हिरवीत बसलो. खुर्ची न्हाव्याच्या दुकानातल्यासारखी. पण पाय माझे आहेत, तालमीत हजार-हजार बैठका मारलेले. दाब दिला तशी ती केंदाळात शिरली. एकदा अडकली, तेव्हा मी एक पाय पुढं ताणून धरला, पट्ट्या नावेच्या पोटाला चिकटल्या आणि मुळ्या सुटून गेल्या. पलीकडं माझं जाळं होतं. डाव्या हातानं दोर धरला. काईलीत एका हातानं जाळं ओढायचं म्हटलं की नाव धारेला लागायची, वल्हं मारायला हात उरायचा नाही. इथं पाय चालत होते, नाव जाग्यावर उभी होती आणि जाळं वर येत होतं. चार चिलापी, एक मरळ. ते मी दातात दोर धरून काढले. हे काम त्या टोपीवाल्यानं सांगितलं नव्हतं. त्याला माहीत असायचं कारणच नव्हतं.

काठाला आलो तर पावणा टाळ्या वाजवत होता. "वा आजोबा! ह्या वयात!" आणि माझे फोटो काढत होता, दुकानाच्या जाहिरातीला.

पोरगा म्हणाला, "आबा, जमलं की तुमास्नी!"

जमलं. मला, पाण्यात.

मी उतरलो. "न्हाई पायजे," म्हटलं. "बादलीला खुर्ची लावलीया नुसती."

"आबा, पायजे हाय तुमाला. तोंडावर दिसतंय की."

"माझ्या तोंडावरचं तू वाचू नगंस."

मासे पिशवीत घातले आणि मी घरी आलो. पावण्यानं नावा टेम्पोवर बांधल्या. दुसऱ्या दिवशी त्याला गगनबावड्याकडं कुणाला तरी दाखवायच्या होत्या, म्हणून तो कोल्हापुरात स्टँडजवळच्या लॉजवर उतरला. सुनेनं मरळ केली. ताटावर बसून मी तेवढाच विचार करत होतो, की उद्या टेम्पो गगनबावड्याला गेला तर माझं जाळं परत भावकीतला काढणार.

सकाळी पहिल्या एसटीनं कोल्हापूर गाठलं. पावणा तोंडात ब्रश घेऊन दारात आला.

"फोटू पुस आधी," मी म्हटलं.

त्यानं माझ्यासमोर एकेक फोटो पुसला. मग मी पैसे दिले आणि हिरवी कुठं उतरवायची ते सांगितलं. घाटावर नको, उसाच्या मागच्या अंगाला. त्यानं विचारलं, मुलाला फोन करू का. मी म्हटलं, तो कामावर असतो. आठ वाजता नाव पाण्यात गेली. घाटावर बायका येईपर्यंत मी केंदाळाच्या पलीकडं होतो आणि जाळ्याचा दोर माझ्या डाव्या हातात होता.