विश्वंभररावांचा वानवळा

तहसील कचेरीच्या आवारात कडुनिंबाखाली माझे टेबल आहे. त्या दुपारी एका वृद्ध बाईंचा वारसनोंदीचा अर्ज अर्ध्यावर आला असताना विश्वंभररावांच्या पुतण्याचा परभणीच्या रस्त्यावरून फोन आला. “नाना, आमी झरी गाव ओलांडलंय. काकाला घेऊन यायलोत.” मी म्हणालो, “उत्तम. दवाखान्यातून सुट्टी मिळाली म्हणायची. त्यांच्याकडे फोन दे.” पलीकडून गाडीचा आवाज तेवढा येत राहिला. इतकी वर्षे लोकांची दुःखे योग्य शब्दांत मांडून देण्याचे काम मी केले. मजकूर पाहताच अर्ज माझा आहे हे अधिकारीवर्ग ओळखतो, असे बोलले जाते. परंतु समोर बसलेल्या बाईंना “उद्या या” एवढेही त्या क्षणी मला सांगता आले नाही. त्यांनीच माझ्या पेनाला टोपण लावून दिले.

विश्वंभरराव आमच्या जिंतुरातील एका शाळेत लिपिक होते आणि माझ्याच गल्लीत राहत. ते पदवीधर, माझे शिक्षण नववीत थांबलेले. तरी मसुदा पक्का करताना ते माझा सल्ला घेत, हे येथे अभिमानाने नमूद करतो. निवृत्तीच्या सुमारास त्यांना साखरेचा आजार निघाला आणि चपलेने घासलेली अंगठ्याजवळची जखम काही केल्या भरेना. त्यांच्या वडिलांचा पाय याच आजारात गेला होता. चुडावा या त्यांच्या गावी बाजेवर बसून वडील येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायांकडे पाहत राहत, असे विश्वंभरराव सांगत. “मला मरायचं भ्या न्हाई, नाना. पन जायचंय ते दोन पायांनी.”

डॉक्टरांनी पालेभाज्या, कारली, दोडकी भरपूर खाण्यास सांगितले. बाजारच्या भाजीला फवारणीचा वास येतो म्हणून त्यांनी घरामागची मोकळी जागा खणली. गोडेतेलाचे डबे आणि खताची रिकामी पोती मातीने भरून गच्चीवर चढवली. नळाला पाणी रोज येत नाही अशा गावात त्यांनी तांदूळ धुतलेले पाणीसुद्धा वाया जाऊ दिले नाही. मेथी, चुका, अंबाडी, थंडीच्या तोंडावर करडई... दोडक्याचा वेल तर शेजाऱ्याच्या टीव्हीच्या छत्रीवर जाऊन बसला. त्यांच्या पत्नी सुमनवहिनी म्हणत, “आमच्याकडं पाहुना आला तरी त्याला बी कारलंच.” चहातली साखर गेली, भात गेला, ताटात ज्वारीची भाकरी आणि हिरवी भाजी आली. काही महिन्यांत जखम खरोखरच भरली. ते तडक कचेरीत आले, चप्पल काढली आणि माझ्या टेबलावर पाय ठेवून अंगठा दाखवू लागले. मी ओरडलो, “अहो, अर्जावर पाय ठेवता काय?” ते म्हणाले, “शिक्का मारायलोय!” सारे आवार हसले.

पहिल्या तोड्याचा वानवळा शेजारीपाजारी दिल्याखेरीज आपण खायचे नाही, ही आपल्याकडील रीत. विश्वंभररावांनी तर दर तोड्याला पहिला तोडा मानले. गल्लीत घरोघर वाटी, पातेले, ताटली भरून भाजी जाऊ लागली. आता दुसऱ्याचे भांडे रिकामे परत करू नये, हीही आपलीच रीत. कारल्याच्या वाटीतून शिरा येई, अंबाडीच्या पातेल्यातून पुरणपोळी येई, अगदीच काही नसले तर गुळाचा खडा येई. जे येई ते विश्वंभरराव खात. “हे खानं न्हाई नाना, हा मान हाय. मानाला न्हाई कसं म्हनावं?” ते आणखी कोणाला देऊन टाकण्याची सोय नव्हती, कोणाचा शिरा कोणाच्या घरी फिरला हे आमच्या गल्लीत वेलदोड्याच्या वासावरून ओळखले जाते.

साखर पुन्हा वाढली. डॉक्टर विचारीत, “काय खाता?” विश्वंभरराव अगदी मनापासून सांगत, “घरची भाजी, भाकर.” अखेर एके दिवशी वहिनी माझ्यासमोरच बोलल्या.

“भावजी, सांगा यांना. एका हातानं कारली देतेत अन् दुसऱ्या हातानं लाडू घेतेत.”

“मग काय दारावर पाटी लावू? गोड आनू नका म्हनून?”

“लावा की. भावजी लिहून देतील.”

पाटी शोभली नसती. मी विचारपूर्वक तोडगा सुचवला. भाजी भांड्यातून द्यायचीच नाही, वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायची. भांडे गेलेच नाही तर भरून काय येणार? मुद्दा बिनतोड होता. थोडे दिवस खरोखर काही आले नाही. मग मात्र गल्लीतील बायकांना ते ओझे वाटू लागले. भाजी नुसतीच कशी घ्यावी? त्या आपापल्या घरच्या भांड्यांतून गोड पाठवू लागल्या, तेही पूर्वीपेक्षा अधिक. आमच्या कुटुंबाने, म्हणजे माझ्या पत्नीने, पातेलेभर बेसनाचे लाडू पाठवले. आणि आता लोकांची भांडी विश्वंभररावांच्या घरात. ती रिकामी कशी परत करावी? म्हणून ते भाजीने भरून जात, आणि पुन्हा गोडाने भरून येत. “नाना, तुमच्या अर्जावर उलटा शेरा आला,” ते म्हणाले. आम्ही दोघेही हसलो... त्या हसण्याची आज भीती वाटते.

दिवाळी सरता सरता पाय चिघळला. परभणीच्या दवाखान्यात तो गुडघ्याखालून काढावा लागला. मी भेटायला गेलो तेव्हा एका बाजूची चादर सपाट पडली होती. “तिकडं बघू नका, नाना. सगळे तिकडंच बघायलेत.” मी खिडकीकडे पाहिले. मग तेच म्हणाले, “करडई खुडायला सांगा कुनाला तरी. निबर होती लगेच.” त्यानंतर जखमेचे विष अंगात पसरले आणि त्या दुपारी झरी ओलांडून ते आले ते तसे आले.

दिवसपाणी उरकल्यावर वहिनींनी मला बोलावले. स्वयंपाकघरातील ओट्यावर भांडी मांडलेली होती. दवाखान्याच्या धावपळीत परत करायची राहून गेलेली. प्रत्येकावर निराळ्या घरचे नाव कोरलेले. मी म्हणालो, “राहू द्या, वहिनी. कोणी मागायला येणार नाही.”

“मागनार न्हाईत. पन लोकाचं हाय, भावजी.”

बोलता बोलता त्या एकेका भांड्यात भाजी भरत होत्या. करडई निबर, राठ झाली होती, ती बाजूला पडली होती. दोडके, मूठभर चुका, जे वेलावर आणि वाफ्यात सापडले ते. “अहो, आता तरी...” मी म्हणू लागलो.

“रिकामं कसं देऊ?” त्या म्हणाल्या.

आमचे पातेले मीच उचलून घरी आणले. त्यात बोटाएवढी, वाकडी कारली होती. कुटुंबाने ती सुपात काढली, पातेले घासले, कोरडे पुसले आणि हाताच्या सवयीने गुळाचा डबा उघडला. खडा पातेल्यात पडला, तेव्हा काठावर कोरलेले नाव तिला दिसले. पातेले आमचेच होते.